चतुःसीमा धुऱ्यावर उभे राहून लिहावी : लागून असलेल्या शेताचे आणि घराचे वर्णन

दोन भावांचे एक जुने वाटणीपत्र काही वर्षांपूर्वी दुरुस्तीसाठी माझ्याकडे आले होते. शेत चार एकरांचे, उत्तर-दक्षिण लांबट, आणि त्याला फक्त उत्तर टोकाला पांदण, म्हणजे शेतांकडे जाणारी सार्वजनिक वाट, लागलेली. वाटणीत थोरल्याच्या वाट्याला उत्तरेचा अर्धा भाग आला आणि धाकट्याच्या वाट्याला दक्षिणेचा. परंतु लिहिणाऱ्याने मूळ खरेदीखतातील चतुःसीमा दोघांच्याही हिश्शाखाली जशीच्या तशी उतरवली, त्यामुळे कागदावर दोघांच्याही उत्तरेस पांदण आली आणि दोघे एकमेकांचे शेजारी आहेत हे कुठेच आले नाही. भाऊ हयात होते तोवर धाकट्याची बंडी (बैलगाडी) थोरल्याच्या शेतातून निमूटपणे जात राहिली. पुढच्या पिढीत मध्ये तारेचे कुंपण झाले आणि मागचे शेत दोन खरीप पडीत राहिले. एकाच जमिनीचे तुकडे होताना मागच्या तुकड्याला वाट मिळावी, एवढे संरक्षण कायद्यात आहे. पण ते मिळवण्यासाठी त्या कुटुंबाला ज्या खेपा घालाव्या लागल्या, त्या एका ओळीने वाचल्या असत्या. ती ओळ अशी : ‘उत्तरेस थोरल्या भावाच्या हिश्शाचे शेत, व त्याच्या पूर्व धुऱ्याने पांदणीपर्यंत बंडी जाईल असा रस्ता.’ (धुरा म्हणजे शेताचा बांध.)

हा लेख दस्तलेखनाच्या कामाला नव्याने लागलेल्या तरुणांसाठी आहे, तसेच आयुष्यात पहिल्यांदाच वाटणीपत्र, बक्षीसपत्र किंवा खरेदीखत करणाऱ्या शेतकरी कुटुंबांसाठीही आहे. चतुःसीमा म्हणजे चारही बाजूंना काय लागून आहे याचे वर्णन. ती आधीच्या कागदावरून उतरवायची नसते. जागेवर जाऊन, चारही बाजूंनी फिरून, नव्याने लिहायची असते, आणि आजचे शेजारी हयात नसतील तेव्हाही परक्या माणसाला त्या वर्णनावरून जागा सापडली पाहिजे, अशी लिहायची असते.

कायद्याची अपेक्षाही साधारण हीच आहे. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम २१ प्रमाणे स्थावर मालमत्तेच्या दस्तात ती मालमत्ता ओळखता येईल इतके पुरेसे वर्णन असल्याशिवाय दस्त नोंदणीला स्वीकारता येत नाही. शहरातील घर कोणत्या रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे, त्यात सध्या कोण राहतो व आधी कोण राहत होता आणि घराला क्रमांक असल्यास तो कोणता, हे सांगावे लागते. इतर घरे आणि जमिनी यांच्या बाबतीत गाव-तहसील, क्षेत्र, लागून असलेले रस्ते व मिळकती, सध्याचा ताबा आणि शक्य असेल तेथे सरकारी नकाशा किंवा मोजणीचा आधार अपेक्षित आहे. म्हणजे ‘लागून असलेल्या मिळकती’ ही लेखनिकांची परंपरा नसून कायद्यानेच मागितलेली माहिती आहे.

निघण्यापूर्वीचे कागद

शेतावर जाण्याआधी चालू सात-बारा, आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा), आधीचे खरेदीखत किंवा वाटणीपत्र आणि गटाचा नकाशा जवळ असावा. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर गटाचा आकार आणि भोवतालच्या गटांचे क्रमांक दिसतात; ते कागदावर हाताने काढून घेतले तरी पहिल्या फेरीसाठी पुरेसे आहे. प्रश्न जुना किंवा वादाचा असेल, तर भूमी अभिलेख कार्यालयातून मूळ टिपण (पहिल्या मोजणीचे रेखाटन), फाळणी (पोटहिश्श्यांचा नकाशा) आणि आकारफोड (सारा हिश्श्यांत वाटल्याचा कागद) यांच्या नकला मागवाव्यात.

विदर्भात येथे एक विशेष काळजी घ्यावी लागते, कारण आपल्याकडील महसुली नोंदींचा इतिहास सगळीकडे सारखा नाही. वऱ्हाडातील जिल्ह्यांत पूर्वीपासून सर्व्हे नंबरांची पद्धत होती, तर नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा या भागात मालगुजारी (गावाचा सारा मालगुजारामार्फत भरण्याची पद्धत) होती आणि तेथील जुन्या कागदांवर खसरा क्रमांक दिसतात. मालगुजारी १९५० च्या कायद्याने संपली, पण त्या काळच्या नोंदी आजही उपयोगी पडतात. गावाच्या निस्तार पत्रकात आणि वाजिब-उल-अर्जमध्ये जुने रस्ते, गुरांच्या वाटा, पाणवठे आणि स्मशानभूमी यांची नोंद असते, आणि एखादी पांदण ‘नव्हतीच’ असे कोणी म्हणू लागले तर हीच पाने उघडावी लागतात. म्हणून पूर्व विदर्भातील जमिनीचे वर्णन करताना आजच्या क्रमांकासोबत ‘जुना खसरा क्रमांक’ आणि वऱ्हाडात ‘जुना सर्व्हे क्रमांक’ ही जोड द्यावी. गटांची फेररचना झालेल्या गावात ती फार कामी येते.

दुसरी गोष्ट मौजाची. बोरगाव, पिंपळगाव, वडगाव या नावांची गावे आपल्याकडे जागोजागी आहेत, त्यामुळे मौजा, पटवारी हलका किंवा साझा क्रमांक, तहसील आणि जिल्हा यांपैकी एकही शब्द वगळू नये. त्याहून फसवा प्रकार म्हणजे रीठ. वस्ती उठून गेलेली, पण महसुली दप्तरात स्वतंत्र मौजा म्हणून टिकलेली रिठी गावे विदर्भात पुष्कळ आहेत. शेतकरी राहतो एका गावात, सातबारा निघतो रिठीच्या नावाने, आणि बोलताना तो शेत ‘आमच्या गावचंच’ असे सांगतो. त्याचे म्हणणे त्याच्या जागी खरे आहे, परंतु दस्तात मौजा सातबाऱ्यावरचाच आला पाहिजे, नाहीतर तोच गट क्रमांक असलेले भलत्याच माणसाचे शेत लिहिले जाते.

शेताला फेरी

शक्य असेल तर हे काम पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडे) उपटून झाल्यावर, फाल्गुन-चैत्रात करावे. पावसाळ्यात धुऱ्यावर कंबरभर गवत असते आणि दगड दिसत नाहीत. सोबत शेतमालक, एखादा वयस्क शेजारी आणि शक्य झाल्यास गावचा कोतवाल असावा. पटवाऱ्याचे अधिकृत पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, पण गावात ‘पटवारी साहेब’ असेच म्हणतात. फेरीत काही शंका निघाली तर ती त्यांच्याकडे त्याच आठवड्यात न्यावी.

फेरी नेहमी एका ठरलेल्या कोपऱ्यापासून सुरू करून त्याच कोपऱ्यावर संपवावी. प्रत्येक बाजूला थांबून चार गोष्टी वहीत लिहाव्यात : पलीकडे कोणता गट आहे, तो आज कोण वाहतो, मध्ये हद्द म्हणून प्रत्यक्ष काय आहे, आणि ती हद्द कोणाची आहे. शेवटची गोष्ट सर्वांत जास्त सुटते. धुरा मध्ये असेल तर तो सामाईक आहे, की पूर्णपणे एकाच्या क्षेत्रात आहे? त्यावरची झाडे कोणाची? तारेचे कुंपण कोणी घातले, आणि ते हद्दीवर आहे की हद्दीच्या आत सोडून घातलेले आहे? गुरांसाठी हातभर आत घेतलेले कुंपण वीस वर्षांनी हद्द मानले जाते, आणि सोडलेली पट्टी शेजाऱ्याच्या वखराखाली गेलेली असते.

यवतमाळकडच्या काळ्या जमिनीतील एक धुरा माझ्या नजरेसमोर अजून आहे. सत्तरीतले एक काका मला तो दाखवत होते. एका टोकाला पळसाच्या बुडाशी अर्धा पुरलेला हद्दीचा दगड होता आणि तेथे धुरा चांगला चार फूट रुंद होता, कारण पळसामुळे तेथपर्यंत कोणाचाही नांगर पोचत नव्हता. पंचवीस पावले पुढे गेल्यावर तोच धुरा वीतभर उरला होता. काका म्हणाले, “दोन्हीकडून थोडा थोडा खाल्ला बाबू, कोनाले म्हनाचं?” अशा ठिकाणी ‘मध्ये धुरा’ एवढेच लिहिणे पुरेसे नाही. ‘मध्ये सामाईक धुरा, उत्तर टोकाला हद्दीचा दगड कायम’ असे लिहिले, तर त्या दगडापासून पुढची रेषा मोजणीदाराला काढता येते. हद्दीच्या निशाण्या जपण्याची जबाबदारी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ने जमीनधारकावरच टाकली आहे आणि त्या हलवणे किंवा मोडणे दंडनीय आहे, ही गोष्ट फेरीतच दोन्ही शेजाऱ्यांना शांतपणे सांगून ठेवावी.

झाड हे हद्दीची खूण म्हणून आधाराला घ्यावे, एकमेव खूण म्हणून घेऊ नये. मोहाचे किंवा चिंचेचे झाड पिढ्यान्‌पिढ्या उभे राहते, तरी ते विजेने पडते किंवा विकले जाते. नाल्याचेही तसेच आहे. आपल्याकडचे नाले पुरात काठ खातात आणि पात्र सरकते, म्हणून ‘दक्षिणेस नाला’ लिहिताना ‘दक्षिणेस शासकीय नाला, त्यापलीकडे गट क्रमांक अमुक’ असे पलीकडचा गट धरून लिहावे. सार्वजनिक रस्ते, नदी-नाले आणि त्यांची पात्रे ही कोणा खाजगी मालकाची नसतील तर शासनाची असतात. त्यामुळे नाल्याचे पात्र विक्रीच्या क्षेत्रात मोजणे ही चूक आहे, मग ते उन्हाळ्यात कितीही कोरडे आणि पेरण्यासारखे दिसो. भंडारा-गोंदियाकडे माजी मालगुजारी तलावांना लागून असलेल्या बांध्यांबाबत (धानाच्या खाचरांबाबत) हाच नियम पाळावा : तलावाची पाळ कोठे संपते आणि बांधी कोठे सुरू होते हे पाहून ‘पश्चिमेस तलावाची पाळ’ असे लिहावे, नुसते ‘तलाव’ लिहिल्यास पाणी जेथपर्यंत चढते तेथपर्यंतचा वाद उभा राहतो.

दिशा

दिशा चुकण्याचे प्रमाण नवख्यांना वाटते त्यापेक्षा बरेच अधिक आहे. गावातील माणसे उगवत-मावळत यांवरून दिशा सांगतात आणि ते स्वाभाविक आहे. परंतु सूर्य वर्षभर एकाच बिंदूवर उगवत नाही. आपल्या अक्षांशावर तो पौषात ठीक पूर्वेपासून बराच दक्षिणेकडे आणि ज्येष्ठात तेवढाच उत्तरेकडे सरकलेला असतो. हा फरक दोन्ही बाजूंना वीस अंशांहून अधिक असतो. तिरप्या शेतात एवढ्या फरकाने एक शेजारी पूर्वेचा उत्तरेला जातो. म्हणून गटाच्या नकाशावरची उत्तर प्रमाण मानावी. मोबाईलमधील होकायंत्र वापरायचे असेल तर बंडीच्या धावेपासून, तारेच्या कुंपणापासून आणि मोटारीच्या पेटीपासून दूर उभे राहावे, कारण लोखंडाजवळ ते भलतीकडे वळते.

‘डाव्या हाताला’, ‘मागच्या अंगाला’ हे शब्द दस्तात कधीही वापरू नयेत. घराचा दरवाजा बदलला की डावे उजवे होते.

चारच दिशा आहेत म्हणून शेजारीही चारच असतील, असे गृहीत धरू नये. एका बाजूला दोन-तीन गट लागत असतील तर त्यांचा क्रम सांगावा : ‘उत्तरेस, पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना, प्रथम गट क्रमांक ४१ व नंतर गट क्रमांक ४२’. शेत एल अक्षरासारखे वळलेले असेल तर चार ओळींत ते कोंबण्याऐवजी हातनकाशा जोडणे प्रामाणिकपणाचे ठरते. नकाशा जोडला की दस्तात त्याचा उल्लेख हवा, त्यावर दोन्ही पक्षांच्या सह्या हव्यात आणि नोंदणीसाठी त्याच्या प्रतीही द्याव्या लागतात.

शेजाऱ्याचे नाव लिहावे, पण गट क्रमांक आधी आणि नाव नंतर. नाव एका पिढीत बदलते. क्रमांक बदलला तरी त्याचा माग दप्तरात सापडतो. जुन्या खतांत ‘पूर्वेस पाटलाचे वावर’ असे वर्णन दिसते. त्या पाटलाची आज अकरा नातवंडे आहेत आणि वावराचे सात तुकडे झालेले आहेत.

‘पैकी’ हा शब्द

संपूर्ण गट विकला किंवा वाटला जात असेल, तर चतुःसीमा थोडी सैल असली तरी गट क्रमांक सांभाळून घेतो. गटाचा तुकडा वेगळा होतो तेव्हा मात्र सगळा भार चतुःसीमेवरच येतो. ‘गट क्रमांक ४६, क्षेत्र १ हेक्टर ६२ आर पैकी ४० आर’ एवढे लिहून खाली संपूर्ण गटाची चतुःसीमा दिलेले दस्त मी कितीतरी पाहिले आहेत. या वर्णनावरून ते ४० आर गटात कोठेही असू शकतात : पांदणीलगत, नाल्यालगत किंवा मध्यभागी. पैसे पांदणीलगतच्या जमिनीचे दिले आणि ताबा नाल्याकडचा मिळाला, अशी तक्रार येथूनच जन्म घेते. तुकडा पाडण्यापूर्वी तो १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यातील प्रमाणभूत (म्हणजे किमान आवश्यक) क्षेत्रात बसतो की नाही, हे तलाठी कार्यालयात विचारून घ्यावे. ते बसत असेल तर वर्णन असे लिहावे (क्रमांक केवळ उदाहरणासाठी आहेत) :

‘मौजा अमुक, साझा क्रमांक अमुक, तहसील अमुक, जिल्हा यवतमाळ येथील गट क्रमांक ४६, एकूण क्षेत्र १ हेक्टर ६२ आर, यापैकी पूर्व बाजूचे ० हेक्टर ४० आर, अक्षरी चाळीस आर, ज्याची चतुःसीमा पुढीलप्रमाणे : पूर्वेस गट क्रमांक ४७, सध्या ताबा अमुक यांचा, मध्ये सामाईक धुरा, पश्चिमेस याच गट क्रमांक ४६ मधील लिहून देणार यांचे उर्वरित १ हेक्टर २२ आर क्षेत्र, दक्षिणेस शासकीय नाला, त्यापलीकडे गट क्रमांक ५३, उत्तरेस पांदण रस्ता, त्यापलीकडे गट क्रमांक ३९. लिहून देणार यांच्या उर्वरित क्षेत्रातील विहिरीतून लिहून घेणार यांस पाणी घेण्याचा निम्मा हक्क राहील व त्यासाठीची पाइपलाइन उत्तर धुऱ्यालगत राहील.’

यात पश्चिमेची ओळ सर्वांत मोलाची आहे. विकणाऱ्याची उरलेली जमीन हीच नव्या तुकड्याची नवी सीमा असते, आणि जुन्या कोणत्याही कागदात ती नसते. म्हणून उतरवून काढणाऱ्याच्या हातून ती हमखास सुटते. ज्या बाजूला नवी रेषा पडते तेथे दस्ताच्या दिवसापूर्वी दोन्ही टोकांना दगड रोवून घ्यावेत आणि त्यांचा उल्लेख करावा. विहीर, मोटार, पाण्याची पाळी आणि वाट यांना स्वतंत्र वाक्य द्यावे. वाटेबद्दल लिहिताना ‘जाण्या-येण्याचा हक्क’ एवढ्यावर थांबू नये. रुंदी किती फूट, ती कोणत्या धुऱ्याने जाते, तीवरून बंडी जाते की ट्रॅक्टर आणि मळणीयंत्रही जाते, हे लिहावे.

वाटेचे लिहायचे राहून गेलेले असेल तर मार्ग बंद होत नाहीत. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली शेजारच्या जमिनींच्या हद्दीवरून रस्ता मिळण्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. आणि पूर्वीपासून वहिवाटीत असलेली वाट कोणी अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली दाद मागता येते, मात्र अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. ही मुदत ठाऊक नसल्यामुळे ‘पुढच्या पेरणीला पाहू’ म्हणून थांबलेली माणसे हक्काची सोपी वाट गमावून बसतात.

गावठाणातील घर

घराचे वर्णन शेतापेक्षा अवघड असते, कारण गावठाणात घरे एकमेकांना खेटून असतात आणि हद्द इंचांत मोजली जाते. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, तो मालकीचा निर्णायक पुरावा नाही. तरीही मालमत्ता क्रमांक आणि मोजमाप तेथून घ्यावे लागते. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन ज्या गावठाणांच्या मिळकत पत्रिका तयार झाल्या आहेत, तेथे त्या पत्रिकेवरील क्रमांक आणि क्षेत्र आधी लिहावे, आणि नमुना ८ शी फरक पडत असेल तर तो लपवू नये.

पहिला प्रश्न भिंतीचा. लागून असलेल्या दोन घरांमध्ये एकच भिंत असेल तर ती कोणाची, हे लिहिल्याशिवाय चतुःसीमा पूर्ण होत नाही. मातीच्या जुन्या घरांत हे भिंतच सांगते. वर्धेकडच्या एका गावात अशी दोन फूट जाडीची भिंत मी दोन्ही बाजूंनी पाहिली होती. एका घरातून पाहिले तर तिच्यावर तीन म्याली (छपराची आडवी लाकडे) टेकलेल्या होत्या आणि त्यांची टोके भिंतीच्या मध्यापर्यंत गेलेली होती. दुसऱ्या घरात त्याच भिंतीत कोनाडा कोरलेला होता आणि वर तिकडच्याही म्याली त्याच भिंतीवर टेकलेल्या होत्या. दोन्ही छपरांचा भार पेलणारी भिंत सहसा दोघांची असते. म्हणून ‘दक्षिणेस अमुक यांचे घर, मध्ये दोन फूट जाडीची सामाईक भिंत, निम्म्यापर्यंत या मिळकतीची’ असे लिहून घेतले. एका घराने पुढे स्लॅब टाकायचा ठरवला, तेव्हा नवी भिंत कोठून उचलायची हा प्रश्न त्या ओळीवर सुटला. याउलट, दोन स्वतंत्र भिंती पाठीला पाठ लावून उभ्या असतील तर तसे स्पष्ट लिहावे, कारण बाहेरून गिलावा झाला की त्या एकच दिसतात.

दुसरा प्रश्न भिंतीबाहेरच्या हातभर जागेचा. कवेलूच्या (कौलांच्या) छपराची वळचण भिंतीच्या बाहेर येते आणि पावसाचे पाणी तिच्याही बाहेर पडते. घरमालकाच्या मते त्याची हद्द पाणी पडते तेथपर्यंत असते, शेजाऱ्याच्या मते भिंतीपर्यंत. दोघांनाही समोर उभे करून, ओळंबा सोडून, वळचणीची रेषा जमिनीवर आखावी आणि मग जे ठरेल ते लिहावे : ‘पश्चिमेस भिंतीबाहेर दीड फूट वळचणीची जागा, त्यापुढे अमुक यांचा कोठा’ (कोठा म्हणजे गुरांचा गोठा). खिडकी, न्हाणीचे सांडपाणी आणि बोळातील वापर यांचेही तेच. उजेड, वारा, पाणी आणि वाट यांचा उघड, शांततेने, हक्क म्हणून, अखंड वीस वर्षे उपभोग झाला तर भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ प्रमाणे त्यावर हक्क मागता येतो. तेव्हा शेजाऱ्याने केवळ सौजन्याने वापरू दिले असेल, तर ‘परवानगीने वापर’ हे शब्दही दस्तात असावेत, म्हणजे घेणाऱ्याचा गैरसमज होत नाही आणि देणाऱ्याचे सौजन्य त्याच्यावर उलटत नाही.

मोजमाप चारही बाजूंचे घ्यावे. तोंड ३० फूट आणि लांबी ५० फूट म्हणजे १५०० चौरस फूट, अर्थात सुमारे १३९.३५ चौरस मीटर, हा हिशेब फक्त काटकोनी जागेला लागू पडतो. समोरची व मागची बाजू समांतर असून मागची बाजू ३४ फूट निघाली, तर क्षेत्र १६०० चौरस फूट होते, आणि हे १०० चौरस फूट पुढे मागच्या शेजाऱ्याशी भांडणाचे कारण होतात. बांधकामाचे क्षेत्र, खुली जागा आणि कोठा वेगवेगळे लिहावेत. घराचे तोंड कोणत्या दिशेला आहे आणि समोरचा रस्ता कोठून कोठे जातो, हेही सांगावे.

क्षेत्राचे आकडे

शेतासाठी १ हेक्टर म्हणजे १०० आर, आणि १ एकर म्हणजे ४० गुंठे किंवा सुमारे ४०.४७ आर. सातबाऱ्यावरचे क्षेत्र जसेच्या तसे घ्यावे; एकरातून स्वतः गुणाकार करून आर काढू नयेत. ‘१.५’ असे लिहिलेले कोणी दीड हेक्टर वाचतो आणि कोणी १ हेक्टर ५ आर, म्हणून १ हेक्टर ५० आर किंवा १ हेक्टर ०५ आर असे पूर्ण लिहून पुढे तेच क्षेत्र अक्षरी द्यावे. क्षेत्र आणि चतुःसीमा जुळत नसतील, तर न्यायालये सामान्यतः निश्चित आणि स्पष्ट चतुःसीमेला आकड्यापेक्षा अधिक वजन देतात. म्हणूनच संदिग्ध चतुःसीमा आकड्यातील चुकीपेक्षा महाग पडते.

शेजाऱ्याच्या कागदावरून पडताळा

मसुदा तयार झाला की तो लगेच टंकनाला देऊ नये. तुमच्या पूर्वेस गट ४७ असेल, तर गट ४७ वाल्याच्या खतात पश्चिमेस गट ४६ आलेला असला पाहिजे. शेजारी आपले खत दाखवायला सहसा तयार होतात, विशेषतः तुम्ही आधी आपला मसुदा त्यांच्यासमोर ठेवलात तर. चारही बाजूंचा असा पडताळा घेताना एक तरी विसंगती निघतेच : कोणाच्या खतात पांदण मध्ये आहे आणि कोणाच्या खतात नाही, कोठे पूर्व-पश्चिम अदलाबदल झालेली असते, कोठे शेजारी परस्पर बदललेला असतो. विसंगती निघाली तर आपला मसुदा त्या जुन्या चुकीशी जुळवून घेऊ नये. जमिनीवर जे आहे ते लिहावे आणि शेजाऱ्याची लेखी संमती किंवा साक्षीदार म्हणून सही घ्यावी.

जमिनीवरच मतभेद असेल, दगड सापडत नसेल किंवा धुरा नांगरून गेला असेल, तर अंदाजाने ओळ लिहून दस्त पुढे रेटू नये. भूमी अभिलेख कार्यालयाकडे हद्द कायम मोजणीसाठी अर्ज करावा. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, मोजणी होते आणि ‘क’ प्रत मिळते, जिच्यावर हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट दोन्ही दाखवलेली असते. त्या प्रतीचा मोजणी क्रमांक आणि दिनांक दस्तात घालावा. यात काही आठवडे किंवा महिने जातात आणि खरेदी ठरलेल्या माणसाला ते जड वाटते, हे मला ठाऊक आहे. तरीही माझा सल्ला कायम थांबण्याचाच राहिला आहे. मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहावे आणि खुणा दाखवल्या त्या क्षणीच दगड रोवून घ्यावेत, संध्याकाळपर्यंत चुन्याची रेषा गुरांच्या पायाखाली पुसली जाते.

दस्त नोंदल्यावर सूची क्रमांक २ ची (नोंदणी कार्यालयातील दस्ताच्या गोषवाऱ्याची) प्रत काढून तिच्यातील वर्णन मूळ दस्ताशी ओळीओळीने ताडून पाहावे. चतुःसीमेत चूक सापडली, तर दस्तावर खाडाखोड करून ती सुधारता येत नाही. दोन्ही पक्षांनी मिळून चूक दुरुस्तीपत्र नोंदवावे लागते. त्यासाठी विकणारा हयात आणि राजी असावा लागतो, म्हणून हे वाचन त्याच आठवड्यात करावे. दुरुस्तीपत्रात ‘पूर्वेस’ऐवजी ‘पश्चिमेस’ वाचावे असे तुटक न लिहिता चारही सीमा पुन्हा पूर्ण लिहाव्यात, आणि मूळ दस्ताचा क्रमांक व दिनांक वर नोंदवावा. त्या दोन भावांच्या वारसांनी शेवटी हेच केले. दुरुस्तीपत्रावर सही करण्याआधी चुलत भाऊ पांदणीपासून मागच्या शेतापर्यंत सोबत चालत गेले, पूर्व धुऱ्यालगत दहा फूट मोजून खुंट्या ठोकल्या, आणि मग त्या खुंट्यांवरून मी ओळ लिहिली.